पहिलं पुस्तक घेऊन वाचकांकडे जाताना

छापखान्यातून खोकी घरी आली की पहिले आठ-दहा दिवस कसे जातात ते कळत नाही. नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई, ऑफिसातले सहकारी यांच्यात चाळीस-पन्नास प्रती हां हां म्हणता संपतात. मग उरलेली खोकी दिवाणाखाली सरकतात आणि एक प्रश्न शिल्लक राहतो. आपल्याला न ओळखणारा, केवळ पुस्तकासाठी पुस्तक हातात घेणारा वाचक भेटायचा कुठे?

मी कथा लिहिते. माझ्या पहिल्या संग्रहात तासगावकडच्या बेदाणा शेडवर काम करणाऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत. तो संग्रह पिशवीत घालून मी सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातली गावोगावची संमेलनं, ग्रंथोत्सव आणि वाचनालयांतले कार्यक्रम पालथे घातले. त्यातून जे हाताला लागलं ते नव्याने पुस्तक आलेल्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: या ठिकाणी ऐकायला जा. विक्री होते, पण ती ऐकण्याच्या मागून येते.

आधी वर्ष समजून घ्या

मराठी पुस्तकांचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचणारी घरं या दिवसांत वाचायच्या तयारीत असतात. फराळ संपला की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कार्यक्रमांची रांग लागते. जिल्ह्याजिल्ह्यात शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाचे ग्रंथोत्सव होतात. डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. या दोन्ही वेळी शाळा, महाविद्यालयं, बँका, सरकारी कचेऱ्या बोलण्यासाठी लेखक शोधत असतात, आणि जवळचा, येण्या-जाण्याचा फार खर्च न होणारा लेखक त्यांना हवाच असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्या वेळी गावातला कार्यक्रम ठेवू नये. घरोघरी मुलं अभ्यासाला बसलेली असतात आणि आईबाप घराबाहेर पडत नाहीत. २३ एप्रिलच्या पुस्तक दिनाला पुन्हा हालचाल होते. उन्हाळ्यात व्याख्यानमाला असतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली. पावसाळा मैदानी प्रदर्शनांना वाईट, वाचनालयाच्या सभागृहाला उत्तम. आणि १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन येतो, तिथे वर्ष पुरं होतं.

ही यादी वहीत उतरवून घ्या. निमंत्रणं छापायच्या आधी दोन-अडीच महिने आयोजकांना कळवावं लागतं. डिसेंबरात जाग आली तर जानेवारी गेलाच म्हणून समजा.

पहिलं संमेलन लहान निवडा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं आकर्षण मला कळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ९८ व्या संमेलनाची किती चर्चा होती! जरूर जा, पण पहिल्या वर्षी श्रोता म्हणून जा. तिथे मांडव मोठे, गर्दी मोठी, आणि नव्या माणसाचा आवाज त्यात सहज विरून जातो.

सुरुवात गावच्या संमेलनापासून करा. आमच्याकडे कृष्णाकाठी औदुंबरला मकर संक्रांतीच्या दिवशी साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशूंच्या गावचं हे संमेलन. दत्ताच्या दर्शनाला आलेली माणसंही मांडवात येऊन बसतात. बेळगावकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत थंडीच्या दिवसांत संमेलनं होतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, दारादारात रांगोळ्या असतात, लेझीम असतं, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका असतात. मग उद्घाटन, परिसंवाद, जेवण, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. तिथल्या माणसांनी आपली भाषा टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेलं आहे, म्हणून पुस्तकाकडे बघण्याची त्यांची नजर वेगळी आहे. सीमाभागातल्या एका गावी एका आजोबांनी माझं पुस्तक आधी कपाळाला लावलं आणि मग उघडलं. त्या दिवसापासून मी छपाईतली एकही चूक खपवून घेत नाही.

तुमच्या भागातलं असं संमेलन शोधायला फार खटपट लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालांना विचारा, स्थानिक वर्तमानपत्राचं आतलं पान बघा. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद यांच्या शाखा ठिकठिकाणी आहेत. तुमच्या जवळच्या शाखेचे सभासद व्हा. गोव्यात असाल तर शेकोटी संमेलनाची चौकशी करा. बडोदे, इंदूर, हैदराबाद इथेही मराठी मंडळींचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात.

पहिल्यांदा प्रती न नेता जा

हा सल्ला बहुतेकांना पटत नाही, तरी देते. पहिल्या कार्यक्रमाला स्वतःची एकच प्रत घेऊन जा, तीही पिशवीतच राहू दे. सकाळी लवकर पोहोचा. उद्घाटन सुरू व्हायच्या आधी ग्रंथप्रदर्शनातल्या गाळ्यांवर निवांतपणा असतो, विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो. कोणतं पुस्तक लोक हातात घेतात, मलपृष्ठ वाचतात का, किंमत कुठे शोधतात, किती रुपयांच्या पुढे गेलं की परत ठेवतात, हे अर्धा तास उभं राहून बघा. कुठल्याही कार्यशाळेत हे शिकवत नाहीत.

मग सभागृहात बसा आणि श्रोत्यांचे प्रश्न टिपा. वक्ते काय बोलले ते वर्तमानपत्रात येईलच. श्रोत्यांनी काय विचारलं ते कुठेच छापून येत नाही. माझ्या वहीत अशा प्रश्नांची सतरा पानं आहेत.

जेवणाच्या पंगतीला अनोळखी माणसाशेजारी बसा. ‘तुम्ही काय लिहिता?’ असं विचारण्याऐवजी ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने न लिहिणारा माणूस ओशाळतो. दुसऱ्याने वाचणारा खुलतो, आणि आपल्याला हवा असतो तो वाचणाराच.

पुस्तकाबद्दल दोन वाक्यं

पुढच्या कार्यक्रमाला प्रती न्यायच्या. त्याआधी घरी बसून दोन वाक्यं तयार करा. कोणीतरी मुखपृष्ठाकडे बघत विचारणार, ‘कशावर आहे?’ या प्रश्नाला मी सुरुवातीला उत्तर द्यायची, ‘ग्रामीण स्त्रीच्या जगण्याचा वेध घेणाऱ्या कथा आहेत.’ समोरचा मान डोलवायचा आणि पुस्तक खाली ठेवायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. या वाक्यातून काहीच दिसत नाही.

आता मी सांगते, ‘तासगावला द्राक्षांचे बेदाणे होतात ना, त्या शेडवर निवडायला बसणाऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मुकादमाशी हिशोबावरून भांडणाऱ्या एका बाईची आहे.’ जागा कळली, माणूस कळला, अडचण कळली. दहातले चार-पाच जण तरी पुस्तक उघडून पहिलं पान वाचतात. ते वाचत असताना अजिबात बोलू नका. गप्प राहणं कठीण जातं, पण वाचणाऱ्याच्या कानाशी बोलत राहिलात तर तो वाचूही शकत नाही आणि संकोचाने निघून जातो.

कवींना हे जरा अवघड पडतं, कारण संग्रह ‘कशावर’ असा नसतो. त्यांनी चार ओळींची एक कविता पाठ ठेवावी आणि तीच म्हणावी.

पिशवीत काय हवं

वीस प्रती पुरतात. त्याहून जास्त नेल्या की खांदा दुखतो आणि उरलेलं ओझं बघून मन खट्टू होतं. सुट्टे पैसे हवेतच. दोनशे वीस किंमत असेल तर ऐंशी रुपये परत द्यायची तयारी ठेवा. क्यूआर कोड जाड कागदावर छापून घ्या, गावात नेट येत-जात असतं तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नका. पावती पुस्तक घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे साधी पावती चालते, पण वाचनालयासाठी घेणाऱ्याला पावती लागतेच. सहीसाठी शाई पटकन वाळणारं पेन ठेवा. पान लगेच मिटलं की शाई समोरच्या पानावर उठते. आतल्या पानावर ठेवायला खूणचिठ्ठी छापा, त्यावर पुस्तकाचं नाव आणि तुमचा ईमेल. पावसाचे दिवस असतील तर प्लॅस्टिकचा कागद.

प्रती विकण्याआधी प्रकाशकाशी झालेला करार वाचा. लेखकाला सवलतीत मिळालेल्या प्रती विकायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते, तरी विचारून घेतलेलं बरं. सवलत किती द्यायची तेही त्यांच्याशी ठरवा. त्यांच्या गाळ्यावर वीस टक्के आणि तुमच्या पिशवीतून चाळीस टक्के असं झालं तर संबंध बिघडतात.

स्वतः प्रकाशित केलं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, घ्यायला विसरू नका. भारतात तो राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतान्याचे असतात, क्रमांकाचे नसतात.

गाळ्याबद्दल थोडं. एका पुस्तकासाठी पूर्ण गाळा भाड्याने घेणं परवडत नाही. चार-पाच लेखकांनी मिळून घ्या, किंवा ओळखीच्या विक्रेत्याच्या गाळ्यावर प्रती ठेवा. ठेवाल तेव्हा किती प्रती, कोणत्या सवलतीने, हिशोब कधी, हे एका कागदावर लिहून त्यांची सही घ्या. एका प्रदर्शनात मी दहा प्रती विश्वासाने ठेवल्या. संध्याकाळी चार परत मिळाल्या, सहांचे पैसेही नाहीत आणि पुस्तकंही नाहीत. त्या माणसाच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही, गर्दीत त्यालाच आठवत नव्हतं. कागद असता तर दोघांनाही सोपं गेलं असतं.

सही करताना

नाव विचारून घ्या, आणि ऱ्हस्व-दीर्घही विचारा. ‘सुनिता’ की ‘सुनीता’ हे त्या बाईंना महत्त्वाचं असतं. तारीख आणि गावाचं नाव घाला. दहा वर्षांनी पुस्तक उघडल्यावर तो दिवस आठवतो. विकत घेतलेल्या प्रतीवर ‘सप्रेम भेट’ लिहू नका. नवे लेखक सवयीने लिहून जातात, पण त्या माणसाने पैसे मोजलेले आहेत, भेट कसली? ‘स्नेहपूर्वक’ किंवा ‘शुभेच्छांसह’ लिहा. परीक्षणासाठी देत असाल तर ‘अभिप्रायार्थ’. भेट द्याल तेव्हाच ‘सप्रेम भेट’.

वाचक चूक दाखवतो तेव्हा

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

तालुक्याच्या एका गावी वाचनालयात माझा कार्यक्रम होता. तीसेक माणसं. मी एका कथेतला भाग वाचला, त्यात द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून जाळीवर टाकतात आणि चार दिवसांत बेदाणा तयार होतो, असं होतं. वाचून झाल्यावर सगळ्यात मागे, दाराशी बसलेल्या एक मावशी उठल्या. त्या पुस्तक वाचून आल्या नव्हत्या. त्यांची मुलगी वाचनालयात कामाला होती, तिला न्यायला आल्या होत्या.

‘ताई, चार दिसात न्हाई हो हुत बेदाना. पंधरा दिस तरी लागत्यात. ढग आलं तर वीस. आन् ते गंधकाची धुरी देत्यात, डोळं चुरचुरत्यात, रातभर झोप न्हाई, ते कुटं लिवलंय तुमी?’

सभागृहात शांतता. संयोजक मध्ये पडायला लागले, ‘मावशी, ही कथा आहे...’ मी त्यांना थांबवलं. मावशींना पुढे खुर्चीवर बसवलं आणि वही उघडली. पुढची वीस मिनिटं त्या बोलल्या आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बेदाण्याची प्रतवारी कशी करतात, हिरवा कोणता आणि काळा कशाने पडतो, वळवाचा पाऊस आला की शेडच्या कडेने कापडं सोडायला कशी धावाधाव होते, निवडताना बोटांची सालं कशी निघतात. मी तासगावात जन्म घेतलेला, शेड बाहेरून शंभरदा पाहिलेला. आतलं मला काहीच माहीत नव्हतं.

अशा वेळी नव्या लेखकाचा पहिला आवेग स्वतःचा बचाव करण्याचा असतो. ‘कल्पित लेखन आहे’, ‘कलेचं स्वातंत्र्य’ वगैरे. तो आवेग गिळा. तीन गोष्टी करा: चूक मान्य करा, पुढे सांगायला विनंती करा, आणि लिहून घ्या. वाद घालून तुम्ही जिंकाल, पण पुन्हा कुणी काही सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मला कळली. १८७८ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन झालं. दुसरं १८८५ ला. त्याचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्यांच्या श्रमावर समाज चालतो त्यांचं दुःख ज्या लेखनात नाही, त्या मेळ्यात मिसळून काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. ते पत्र मी महाविद्यालयात परीक्षेसाठी वाचलं होतं. मावशी दाराशी उभ्या राहून बोलल्या तेव्हा ते मला समजलं. ज्यांच्यावर आपण लिहितो ती माणसं पुष्कळदा निमंत्रितांच्या यादीत नसतात. म्हणून वर्षातला निदान एक कार्यक्रम त्यांच्याकडे जाऊन करा: शेडवर, बचत गटाच्या बैठकीत, एसटीच्या कार्यशाळेत, आश्रमशाळेत, जिथली गोष्ट असेल तिथे. प्रती विकल्या जाणार नाहीत. मोठ्याने वाचून दाखवा.

वाचनालयातला स्वतःचा कार्यक्रम

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड अशा त्यांच्या वर्गवाऱ्या असतात. ड वर्गाचं एका खोलीतलं वाचनालय नव्या लेखकाला सगळ्यात जवळचं, कारण तिथे ग्रंथपालांना प्रत्येक वाचक नावाने माहीत असतो.

आधी ग्रंथपालांना भेटा, मग कार्यवाहांच्या नावे साधं पत्र द्या: पुस्तकाचं नाव, एक तासाचा कार्यक्रम, मानधनाची अपेक्षा असल्यास किती, नसल्यास तसं. तारीख ठरवताना गावची जत्रा, आठवडा बाजार आणि सोसायटीची निवडणूक बघून घ्या. खर्च चहा-बिस्किटांचा. खुर्च्या रांगेत न मांडता गोलात मांडायला सांगा. शाल-श्रीफळाचा आग्रह झाला तर मान ठेवावा, पण हार-तुऱ्यांऐवजी वाचनालयाच्या एका बालवाचकाला पुस्तक द्या अशी विनंती आधीच करावी. लोकांना ते आवडतं.

एका तासाची वाटणी मी अशी करते: पाच मिनिटं ओळख, दहा मिनिटं वाचन, बाकी सगळा वेळ गप्पा. वाचनाचा भाग घरी मोठ्याने तीनदा वाचून घड्याळ लावा. संवाद असलेला भाग निवडा, वर्णनाचा नको. शेवट उघडा ठेवा, म्हणजे पुढे काय झालं हे विचारायला कुणीतरी थांबतं. प्रश्न येईनात तर तुम्हीच एक विचारा. ‘तुमच्याकडे या कामाला काय म्हणतात?’ हा माझा हमखास प्रश्न. एकाने शब्द सांगितला की दुसरा म्हणतो, ‘आमच्याकडे वेगळं म्हणतात’, आणि मग कार्यक्रम आपोआप चालतो.

निघताना ग्रंथपालांना पुस्तकखरेदीबद्दल विचारायला लाजू नका. अनुदानाची खरेदी आर्थिक वर्षात, म्हणजे मार्चअखेरपर्यंत व्हायची असते. त्यांना बिल, सवलत आणि आयएसबीएन लागतो. शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक सादर केलं आहे का हे तुमच्या प्रकाशकांना विचारून ठेवा. ग्रंथपाल तो प्रश्न हमखास करतात.

प्रकाशन समारंभाबद्दल माझं मत सांगायचं तर तो घरच्यांसाठी करावा, आनंदाने करावा, पण त्याच्यावर सगळी पुंजी घालवू नये. एका समारंभाच्या खर्चात मी अकरा वाचनालयं फिरले.

कविकट्ट्यावर

कविकट्टा म्हणजे संमेलनात नाव नोंदवून आपली कविता म्हणायचा मंच. नाव नोंदवायची मुदत पाळा, दोन कविता मागितल्या असतील तर दोनच पाठवा. मंचावर एकच म्हणा. कवितेआधी ती कशी सुचली हे सांगू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, मांडवातला उजेड अपुरा असतो. आणि आपली कविता झाल्यावर उठून जाऊ नका. शेवटच्या कवीसमोर रिकाम्या खुर्च्या असतात, तो बहुधा सगळ्यात नवा आणि सगळ्यात घाबरलेला असतो. थांबा, ऐका, खाली उतरल्यावर त्याची एखादी ओळ त्याला म्हणून दाखवा. माझे लेखनातले दोन जवळचे मित्र मला असे मिळाले.

इतर लेखकांशी ओळख

ज्यांना भेटायचं आहे त्यांचं निदान एक पुस्तक वाचून जा. ‘सर, मी तुमचा मोठा चाहता आहे’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ‘मॅडम, तुमच्या त्या कथेत सासू शेवटी दार का लावून घेते?’ याला असतं. वयाने मोठ्यांना सर, मॅडम, काका म्हणावं. आपल्या वयाच्यांना नाव घेऊन अहो-जाहो. ताई-दादा म्हणायला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीची वाट बघावी.

ज्येष्ठ लेखकांच्या हातात आपलं पुस्तक थेट ठेवू नका. संमेलनात त्यांना दिवसभरात पंधरा-वीस पुस्तकं भेट मिळतात आणि परतीचा प्रवास एसटीचा असतो. ‘तुम्हाला पाठवलं तर चालेल का?’ असं विचारा, पत्ता लिहून घ्या. प्रस्तावना, शिफारस, पुरस्काराला नाव सुचवणं, यांतलं काहीही पहिल्या भेटीत मागू नका. फोन नंबर मिळाला तर न विचारता कुठल्याही गटात त्यांना घालू नका.

बरोबरीच्या नव्या लेखकांशी मात्र हात मोकळा ठेवा. त्यांचं पुस्तक विकत घ्या, अदलाबदल करू नका. विकत घेतलेलं पुस्तक वाचलं जातं. वाचून झाल्यावर फोन करा आणि आवडलेलं एक, अडलेलं एक, असं सांगा. मला आलेल्या अशा पहिल्या फोनवर एका शिक्षक कवींनी सांगितलं, ‘तुमच्या बायका फार शहाण्या बोलतात, थोडं चुकू दे की त्यांना.’ सगळ्या परीक्षणांपेक्षा ते वाक्य मला उपयोगी पडलं.

पैशाबाबत सावध राहा. संमेलनाचं प्रतिनिधी शुल्क ही रास्त गोष्ट आहे. त्यात साधारणपणे राहणं-जेवण असतं. पण ‘तुमची पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सन्मानचिन्हाचा खर्च पाठवा’ असा फोन आला तर नम्रपणे नाही म्हणा. मलाही आला होता. मी पैसे पाठवले. सन्मानचिन्ह आलं आणि ते मी कुणाला दाखवू शकले नाही. माझ्या ओळखीच्या तीन-चार तरुण लेखकांनी याच मार्गाने पगारातले पैसे घालवले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. प्रातिनिधिक संग्रहात कविता छापण्यासाठी ‘दहा प्रती घ्या’ अशी अट असेल तर तीही नीट विचार करून.

घरी आल्यावर

त्याच रात्री वही काढा. कोण भेटलं, कुठलं गाव, काय बोलणं झालं, कुणाला काय पाठवायचं कबूल केलं. सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं. दोन दिवसांच्या आत दोन ओळींचा निरोप पाठवा, त्यात झालेल्या बोलण्यातली एखादी गोष्ट असावी, म्हणजे समोरच्याला चेहरा आठवतो. आयोजकांना आणि माइकवाल्यापासून चहावाल्यापर्यंत कष्ट केलेल्यांना आभाराचा फोन करा. पुढच्या वर्षी बोलावतात म्हणून नाही; सतरंज्या उचलताना मी त्यांना पाहिलेलं आहे.

कबूल केलेली पुस्तकं आठवड्यात टपालाने पाठवा. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. दीडशे पानांचा संग्रह पहिल्या टप्प्यात बसतो. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ असं लिहावं लागतं, आणि पाकीट कुठवर पोहोचलं तेही बघता येतं. आधी खाकी कागदाची घडी, मग कोपऱ्यांना पुठ्ठा. कोपरा दुमडलेलं पुस्तक पोहोचू नये.

उत्तर लगेच येत नाही. चार महिन्यांनी, वर्षानेही येतं. नावांची वही जपा, दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सगळ्यात आधी तीच उघडायची असते.

गेल्या वर्षी माझ्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली. चार दिवसांचे पंधरा दिवस केले, गंधकाची धुरी घातली, आणि ती घालता घालता ती कथा आठ पानांनी वाढली. पहिली प्रत मावशींच्या मुलीच्या हाती दिली. मावशींना वाचता येत नाही, मुलगी रात्री थोडं थोडं वाचून दाखवणार होती. त्या प्रतीवर मी ‘सप्रेम भेट’ लिहिलं.